रिव्हर्सची गरारी

रुपरावच्या गाडीत बसायचं तर भाडं ठरवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. नागपूर स्टेशनाबाहेर सवारी ट्रंका-वळकट्या घेऊन उभी असे, ऊन माथ्यावर आलेलं असे, आणि हा जुन्या ऑस्टिनच्या खिडकीतून मान काढून विचारी, "गल्ली आरपार हाय का?" गल्ली आरपार असली तर रुपराव म्हणाल तिथं नेई, मग सावनेर का असेना. बंद असली तर गल्लीच्या तोंडाशी उतरवी आणि सामान स्वतःच्या खांद्यावर टाकून दारापर्यंत पोचवी. कारण एवढंच, की त्याच्या गाडीला रिव्हर्स नव्हता. पुढं चारही गिअरनं ती ऐटीत धावे, पण मागं वीतभरही सरकत नसे.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या आसपासची. त्याआधी कैक वर्षं रुपराव धंतोलीतल्या एका वकिलाकडे ड्रायव्हर होता. वकिलांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी ऑस्टिन रुपरावला देऊन टाकली, आणि तेव्हापासून तो तिच्यावर भाड्याच्या सवाऱ्या नेई. माणूस मुळातच पायाला भिंगरी लावून जन्माला आलेला. चहा उभ्यानं पिई, जेवताना एक गुडघा उभाच ठेवी. त्याची बायको गोपिका म्हणे, की हा माणूस झोपेतही पायानं ब्रेक दाबतो.

आता रिव्हर्स का गेला, तर गिअरबॉक्समधल्या एका लहानशा दातेरी चाकाचे दात उडाले म्हणून. मिस्त्री लोक त्या चाकाला गरारी म्हणतात. ती गरारी रुपरावनं काढून घेतली आणि रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवली, कारण कोणत्याही दुकानात गेलं की पहिला शब्द असे, 'नमुना दाखवा.' सवारी नसली की हा घाट रोडवर. इकडून सुरू होई तो तिकडच्या टोकापर्यंत, प्रत्येक पार्टवाल्याच्या काउंटरवर रुमाल सोडी. दात पडलेल्या म्हातारीच्या बोळक्यासारखी ती गरारी दुकानदार उलटसुलट करून बघत आणि परत देत. असल्या गाड्या इकडे यायच्या बंद होऊन जमाना झाला होता, पार्ट कुठून येणार? कोणी लँडमास्टरची काढून दाखवी, कोणी मॉरिसची. रुपराव ती हातात घेऊन नुसती फिरवी, आतल्या भोकात करंगळी घाली, आणि 'ही नोहे' म्हणून पुढच्या दुकानाला लागे. लहानू मिस्त्रीनं एकदा अगदी जवळपासची एक शोधून आणली आणि म्हणाला, थोडी घासून बसवून देतो, चालून जाईल. रुपराव त्याच्यावर डाफरला. घासून बसवलेली गरारी आणि समजूत घालून आणलेला जावई, दोन्ही कुरकुर करतात, म्हणाला. वस्तू पाहिजे तर बरोबर तीच पाहिजे.

लोकांना वाटे, काय हा गाडीवर जीव. गोपिकेला मात्र पक्कं ठाऊक होतं की या गरारीच्या आड एक बंद गल्ली आहे.

ती गल्ली लकडगंजात, लाकडाच्या टालांच्या मागं. तिच्या शेवटाला लाकूड कापायच्या आरा मशीनची भिंत आणि भिंतीला लागून देवाजीचं घर. देवाजी म्हणजे रुपरावचा मोठा भाऊ, सुतार. आईबाप लवकर गेले तेव्हा यानंच रुपरावला कडेवर घेऊन वाढवलं, आपण पटाशी-रंधा धरला आणि धाकट्याला ड्रायव्हिंग शिकायला पाठवलं. ऑस्टिन घरी आली त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला रुपराव ती मिरवत त्या गल्लीत घेऊन गेला. गल्लीतल्या सगळ्या लेकरांचे लाकडी बैल देवाजीच्याच हातचे, झुली घालून, चाकांवर उभे. सगळे जमले, गाडीभोवती फिरले. रुपरावनं ती भिंतीला नीट लावायची म्हणून जराशी मागं घेतली आणि चाकाखाली कडकन् आवाज झाला. शेजारच्या पोराचा बैल चिरडला होता. पोरगं चाकापासून हातभर अंतरावर उभं होतं.

देवाजीनं ते अंतर पाहिलं आणि त्याच्या अंगाला कापरं सुटलं. कापरं सुटलेला माणूस शब्द मोजून बोलत नाही. सगळ्या गल्लीसमोर तो म्हणाला, "तुले गाडी समोर नेता येते, रुपा. मांगं पाह्यता येत नाही."

दुसऱ्या कशावरून बोलला असता तर रुपरावनं हसून सोडलं असतं. पण वकिलाच्या गाडीवर इतक्या वर्षांत ज्यानं ओरखडा उठू दिला नाही, त्याच्या कामावरच भाऊ सगळ्यांसमोर बोलला. रुपराव वाढलेल्या ताटावरून उठला, गोपिकेला गाडीत बसवलं, आता या गल्लीत पाय ठेवला तर नावाचा रुपराव नाही म्हणाला, आणि अख्खी गल्ली भरधाव रिव्हर्समध्ये पार केली. तोंडाशी आल्यावर गाडी थांबायच्या आत त्यानं रागानं पुढचा गिअर ओढला. आतून हाडं मोडल्यासारखा आवाज आला. वकिलाकडच्या साऱ्या नोकरीत जी चूक झाली नव्हती ती त्यानं त्या एका क्षणात केली.

मग सबब आयतीच मिळाली. भावाकडे का जात नाही, तर गाडी आत घेतली की निघायची कशी? कोपऱ्यावर लावून चालत जा म्हटलं तर म्हणे, ऑस्टिन काय बैल आहे, दिसेल तिथं बांधायला? दोन पायांना रिव्हर्स लागत नाही, हे त्याला सांगायची कोणाची छाती नव्हती. गोपिका सणासुदीला रिक्षा करून एकटी जाऊन येई. परत आल्यावर तिनं तोंड उघडलं की हा हात वर करी, 'त्या घराचं नाव नको.' आणि लगेच चप्पल घालून गरारी शोधायला बाहेर पडे. रागाला दोन पोळे होऊन गेले. राग तसा केव्हाच निवाला होता. पण निवालेला राग गिळायलाही माणसाला कोणीतरी पाणी द्यावं लागतं, आणि ते मागायची याला लाज वाटत होती. त्यामुळं तो सारखा फिरत राहिला. गरारी मिळाली असती तर जावं लागलं असतं, आणि मिळत नव्हती म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता.

असाच एका दुपारी तो कॉटन मार्केटच्या मागं ताराचंद कबाड्याकडे गेला. ताराचंद भंगारात पाय पसरून बसला होता. रुमाल सुटताच तो हसायलाच लागला.

"तुमी दोघं मिळून एकच गाडी चालवता का गा?"

रुपरावला कळेना. ताराचंदनं सांगितलं, की एक म्हातारा सुतार येतो, त्यालाही ऑस्टिनचीच रिव्हर्स गरारी पाहिजे. नमुना त्याच्याकडे नाही, पण लाकडाची एक चकती कापून आणतो आणि अंदाजानं दाखवतो, एवढीशी असते म्हणून. गेल्या खेपेला त्याला कामठीला पाठवलं, तिथं मिलिटरीचं भंगार येतं. "गाडी कोणाची म्हटलं, तं म्हणे भावाची. भाऊ येऊन नाही राहिला, गाडी मांगं जात नाही म्हणून. बिचारा थोट्या हातानं ढिगारे उपसते."

"थोट्या?" रुपराव म्हणाला.

ताराचंदनं उजव्या हाताची दोन बोटं मुडपून दाखवली.

रुपरावनं रुमाल उचलला तो गाठ न मारताच. घरी आला तेव्हा गोपिका तांदूळ निवडत होती. दादाची बोटं कशी गेली, त्यानं दारातूनच विचारलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. आऱ्यावर गेली, म्हणाली, मागच्या उन्हाळ्यात. आता पटाशी धरता येत नाही, मापं घेतात नुसती. मले काहून नाही सांगतलं म्हणून हा ओरडला, तेव्हा ती एकदम शांतपणे म्हणाली, "तुमीच तं म्हटलं, त्या घराचं नाव नको."

आणि मग तिनं राहिलेलंही सांगितलं. रुपराव का येत नाही असं देवाजीनं विचारलं तेव्हा तिनं नवऱ्याचीच सबब पुढं केली होती, गाडी मागं जात नाही म्हणून. दुसरा कोणी असता तर समजायचं ते समजला असता. पण देवाजी सुताराच्या गुण्याला लावून रेघ मारावी तसा सरळ माणूस. त्याला ती सबब वाटलीच नाही. अस्सं होय, म्हणाला, मग गरारी भेटली की येईल. तेव्हापासून तो शोधतो आहे.

रुपराव खाटेवर बसला. लग्न झाल्यापासून गोपिकेनं त्याला असा दोन्ही पाय खाली सोडून बसलेला पाहिला नव्हता. तिला भीती वाटली. पण तो लगेच उठला, म्हणाला, लुगडं बदल, जायचं आहे. रिक्षा आणते म्हटलं तर नको. गाडी कोपऱ्यावर लावाल ना, तर तेही नाही.

लकडगंजात गल्लीच्या तोंडाशी येऊन त्यानं गाडी थांबवली. हात स्टीअरिंगवर, पाय क्लचवर. परत निघायची सोय ठेवून आत गेलो तर अर्ध्यातून परत येऊ, हे त्याला स्वतःबद्दल चांगलं ठाऊक होतं. "आरपार नाही हो गल्ली," गोपिका हळूच म्हणाली. "माहीत हाय," म्हणून त्यानं क्लच सोडला आणि ऑस्टिन सरळ आत, आरा मशीनच्या भिंतीपासून दोन पावलांवर नेऊन उभी केली. आता मागं जायचा प्रश्नच मिटला.

तुळसाबाई, देवाजीची बायको, बाहेर आली, गाडी पाहिली आणि आत वळून नवऱ्याला हाक मारली. देवाजी आला. वाळला होता. उजवा हात त्यानं धोतराच्या सोग्यात घेतला होता. रुपरावला किती काय म्हणायचं होतं, रस्ताभर जुळवत आला होता. पण देवाजीला बहुधा त्याची काही गरजच वाटली नाही. भेटली का, एवढंच त्यानं विचारलं. रुपरावनं मान हलवली, नाही. तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा लेकरासारखा उजळला. थांब म्हणाला आणि आत जाऊन एक फडक्याची पुरचुंडी घेऊन आला.

आत गरारी होती. घासलेटनं धुतलेली, वाळूनं घासलेली, चांदीच्या वाटीसारखी लख्ख. थोट्या हातानं ती किती दिवस घासली असेल कोणास ठाऊक. रुपरावनं ती तळहातावर घेतली आणि घेताक्षणी त्याला कळलं. जीपची होती. भोक मोठं, दात जाड, ऑस्टिनमध्ये ती जन्मात बसली नसती. त्याची करंगळी सवयीनं भोकाकडे निघाली होती, ती त्यानं मिटून घेतली.

"घासा तं नाही लागणार ना?" देवाजीनं विचारलं.

गोपिका नवऱ्याकडे बघत होती. घाट रोडवरच्या साऱ्या दुकानदारांना ज्यानं नको नको करून सोडलं, तो माणूस भावासमोर ताठ उभा राहून म्हणाला, "नाही लागत, दादा. बरोबर हीच पाहिजे होती." आणि त्यानं ती जपून खिशात ठेवली, जुनीच्या शेजारी. मग त्यानं भावाचा उजवा हात सोग्यातून बाहेर काढला, आपल्या दोन्ही हातांत धरला आणि रडला. अगदी दारात, गल्लीसमोर.

जेवणं झाली. त्या पोळ्याचं राहिलेलं ताट तुळसाबाईनं त्या दिवशी वाढलं म्हणायला हरकत नाही. रुपराव पाटावर मांडी घालून बसला आणि वाढणं संपेपर्यंत उठला नाही. निघायची वेळ झाली तेव्हा गल्लीतले लोक गोळा झाले, कारण गाडी मागं ढकलल्याशिवाय निघणार नव्हती. गाडी मागं ढकलायची तर ढकलणारे बॉनेटला लागतात आणि त्यांची तोंडं थेट ड्रायव्हरकडे येतात. मधोमध देवाजी, डावा हात पूर्ण आणि उजव्याचा तळवा बॉनेटला टेकवून. तुम्ही नका म्हटलं तर ऐकेना. गाडी हलली. रुपराव स्टीअरिंग धरून काचेतून समोर बघत राहिला. भावाचा चेहरा एवढ्या जवळून त्यानं फार दिवसांत पाहिला नव्हता, आणि त्याची नजर तिथून हटेना. गाडी जराशी वाकडी होऊ लागली.

देवाजीनं बॉनेटवर थाप मारली.

"मले काय पाहून राहिला गा, रुपा? मांगं पाह्य. लेकरं हायेत."

रुपरावनं मान मागं वळवली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत ती पुन्हा पुढं केली नाही.