स्टेडियमच्या भिंतीलगत

अमरावतीत जुन्या मैदानाच्या भिंतीला लागून माझी आई फुलं विकायची. तिच्या शेजारी भातकुलीहून येणारी मावशी मेथी, पालक आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बसायची. रक्ताचं नातं काही नाही, पण सख्खी बहीण झक मारेल अशी. दोघींचा एक रिवाज होता. एक आली नाही, तर दुसरीने तिच्या जागेवर जाऊन बसायचं. स्वतःच्या जागेवर नुसतं गोणपाट अंथरून ठेवायचं. गेलेलीची जागा सुनी ठेवू नये, एवढंच.

मग मैदानावर स्टेडियम बांधायला सरकारने निधी दिला. पगारी खेळाडूंचे सामने होणार, भोवतीचा जुना बाजार चकाचक होणार. मी खुळ्यासारखी खूश झाले, क्रिकेट म्हणजे माझा जीव की प्राण. दुपारी आईच्या झेंडूशेजारी डोळे मिटले की मला दिवे दिसायचे, ओली हिरवळ दिसायची. टाळ्या तर इतक्या लांबून यायच्या की ऐकता ऐकता झोप लागायची.

विक्रेत्यांची नोंद करायला साहेब आले, तेव्हा आई मोर्शीला लग्नाला गेली होती. मावशी अर्थातच आईच्या जागेवर होती.

"ही जागा कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"फुलवाल्या बाईची हाय. ते लगनाले गेली. मी नुसती बसून राहिली."

साहेबांनी आईचं नाव विचारलं, मावशीने ते नीट सांगितलं. शेजारच्या गोणपाटाला नाव कोण विचारणार? ते पुढे गेले.

यादी लागली. नव्या बाजारात आईला ओटा मिळाला, मावशीचं नाव कुठेच नव्हतं. हरकत घ्यायला आठवडा होता. मावशी माझ्याकडे आली.

"पोरी, तू शिकलेली हायेस. मले अर्ज लिहून दे न."

मला भीती वाटली. प्रकरण उकरलं, तर हजर नसलेल्या बाईचं नाव कसं लागलं, हेही निघेल. आईचा ओटा जाईल. मी म्हटलं, "उद्या लिहून देतो, मावशी." असे चार-पाच उद्या गेले आणि मुदत संपली. आईपाशीही मी मूग गिळून बसले.

"जाऊ दे, तुले काम असन," मावशी म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पहिल्या सामन्याला मी सगळ्यात वरच्या रांगेत बसले. ऊन उतरलं, दिवे लागले. सगळं मी डोळे मिटून पाहिलं होतं तसंच होतं, हिरवळसुद्धा. मी तरंगत होते. सहज मागे वळून कठड्यावरून खाली पाहिलं, तर भिंतीलगतच्या रस्त्याने मावशी चालली होती, डोक्यावर टोपली. तिथे आता बसू देत नाहीत, बसलं की अतिक्रमणवाल्यांची गाडी येते. म्हणून ती चालत होती. वळणाआड जायची आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्या बाजूने यायची. मागे लोक ओरडत होते, कोणी मारलं, कोण बाद झालं, मला कळलं नाही.

चौथ्या फेरीला ती थांबली. टोपली सावरत तिने वर, दिव्यांकडे पाहिलं.

मी पटकन कठड्याआड वाकले.