हिवरा

मोहाडीजवळच्या रुखमाने उन्हाळी धानाचं निंदण करता करता साडेतीन वर्षांच्या आपल्या लेकीला, गुड्डीला, शेताच्या धुऱ्यावर बसवून महिनाभर रंग शिकवले होते. इंग्रजी शाळेतल्या प्रवेशाच्या चाचणीत मॅडमनी तिला पानाचं चित्र दाखवून रंग विचारला.

"हिवरा," गुड्डी चटकन म्हणाली.

मॅडमनी कागदावर फुली मारली. "ग्रीन म्हणायचं असतं."

रुखमा ताडकन उठली. "रंग तं बरोबर सांगतला ना पोरीनं? मंग फुली कायले?"

"नियम आहे, ताई."

"मंग तसंच लिहून द्या. पोरीले रंग वळखता येते, पण तिची बोली आमाले चालत नाही. खाली सही करा."

रुखमा टेबलासमोरून हलेना. दारात पालकांची गर्दी वाढली. शेवटी मॅडमनी फुली खोडून बरोबरची खूण केली.

"आता पुढचं इचारा," रुखमा म्हणाली.