कड्यावरचं घरटं

कड्याच्या कपारीत गिधाडाची मादी अंडं उबवत होती. खालून तिची नुसती मान दिसायची, म्हणून मी ड्रोन वर नेला. पडद्यावर तिचा डोळा स्पष्ट दिसला आणि मी हरखून गेलो. दुसऱ्याच क्षणी ती उडाली.

वाट दाखवायला आलेले धोंडूमामा म्हणाले, "उठवलंत ना तिला? अंडं उन्हात उघडं पडलं की!"

मी घाईघाईने ड्रोन उतरवला. मग आम्ही दोघं त्या रिकाम्या कपारीकडे बघत बसलो. पाणी प्यायचंही सुचेना. कितीतरी वेळाने ती परतली आणि अंड्यावर बसली. मामा हसले. मला मात्र हायसं वाटेना. इतक्या जवळून बघायची परवानगी मी कुणाला विचारली होती?

चित्रण अप्रतिम आलंय. कुणी दाखव म्हणालं, की मी सांगतो, त्या दिवशी काही मिळालंच नाही.