भिंतीपलीकडचं इंदूर

गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी अकरा वाजता माझ्या शेजाऱ्याच्या कंपनीने अंधेरीचं ऑफिस बंद करत असल्याचं जाहीर केलं. ऑनलाइन बैठक दहा मिनिटं चालली. विम्याचे दावे तपासणाऱ्या त्याच्या विभागाला दोन पर्याय मिळाले: इंदूरच्या ऑफिसात रुजू व्हा, नाहीतर राजीनामा द्या. मुदत पंधरा दिवस. त्याचं वय एकावन्न, बायको इथे आमच्या मुलुंडच्याच शाळेत शिक्षिका, मुलगी प्रज्ञा जूनपासून बारावीत जाणारी. गेला तर एकटाच जाणार, हे उघड होतं.

माझ्या शेजाऱ्याने आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा केलेली नाही. जे करायचं त्याची तो आधी रंगीत तालीम करतो, त्यामुळे प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा ती दुसरी किंवा तिसरी असते. ऑफिसात तो बारा वर्षं फायर वॉर्डन होता. म्हणजे वर्षातून दोनदा आगीची खोटी घंटा वाजवायची, सगळ्यांना जिन्याने खाली आणायचं, फाटकाजवळच्या बदामाखाली उभं करायचं आणि डोकी मोजायची. हे काम ज्याच्या गळ्यात पडतं तो ते उरकतो. याने ते अंगाला लावून घेतलं. खिशात शिट्टी आली, काखेत रजिस्टर आलं. एकदा कंपनीचे मोठे साहेब लॅपटॉप घेऊन जिना उतरत होते, तर याने तो काढून घेऊन टेबलावर परत ठेवला. "आगीत लॅपटॉप जळतो, साहेब. चालतं." साहेब रिकाम्या हातांनी उतरले. मोजणीच्या बाबतीत तर तो कुणाचं ऐकत नसे. एका ड्रिलला एक डोकं कमी भरलं. तो माणूस टपरीवर चहा पीत होता आणि त्याने फोनवरून "मी सुखरूप आहे" असं कळवलंही. "फोनवर कुणीही सुखरूप असतो," म्हणत याने सगळं ऑफिस चाळीस मिनिटं उन्हात उभं ठेवलं. तो माणूस ग्लास हातात घेऊन समोर आला, तेव्हा कुठे रजिस्टरात ड्रिल समाप्तीची वेळ पडली.

हेच घरी. स्वतःच्या लग्नाआधी तो चार मित्रांना घेऊन कुर्ला स्टेशनपासून हॉलपर्यंत घड्याळ लावून चालला होता. नवरी तालमीला आली नव्हती, म्हणूनच लग्न वीस मिनिटं लांबलं, असं त्याचं आजही म्हणणं आहे. प्रज्ञाच्या दहावीच्या वेळी तो तिला घेऊन भांडुपच्या परीक्षा केंद्रावर तीनदा जाऊन आला. त्यातली एक फेरी रिक्षा बंद पडली असं धरून होती, ती पायी झाली. विहारात बुद्धपौर्णिमेला खीर वाटायची, तर आदल्या दिवशी रिकामी पातेली उचलून रांग फिरवली. सोसायटीच्या लिफ्टमध्ये माणूस अडकला तर काय, याची ड्रिल करायला तो सेक्रेटरींना घेऊन आत गेला आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट खरोखर अडकली. दोघे पाऊण तास आतून ओरडत होते. वॉचमन शांत बसून होता, कारण ड्रिल आहे हे त्याला आधीच सांगितलेलं होतं. नंतर सेक्रेटरी वॉचमनवर भडकले. याने त्याची बाजू घेतली. "सूचना पाळल्यात त्याने."

बैठकीनंतर ऑफिसातले इतर लोक ज्योतिषाला, मेव्हण्याला, बँकेतल्या ओळखीच्या माणसाला विचारत सुटले. हा संध्याकाळी माझ्याकडे आला.

"तुझी मागची खोली रिकामीच असते ना रे?"

"असते. का?"

"आठवडाभर मला इंदूरला राहायचंय."

माझ्या मागच्या खोलीची भिंत त्याच्या स्वयंपाकघराला लागून आहे. योजना अशी होती: रविवार ते शनिवार तो या खोलीत राहणार, इथूनच ऑफिसला जाणार, स्वतःच करून खाणार, घरी पाऊल टाकणार नाही. बोलायचं ते रात्री आठला, फोनवर. रविवारी सकाळी तो बॅग घेऊन निघाला. वहिनी आणि प्रज्ञा गॅलरीत उभ्या होत्या. रिक्षाने स्टेशनपर्यंत गेला आणि त्याच रिक्षाने परत येऊन माझ्या दारात उतरला. "निरोप व्हायला पाहिजे ना नीट," म्हणाला.

सोमवारी लिफ्टमध्ये वहिनी भेटल्या, तर याने तोंड फिरवलं. "मी इथे नाही."

"बरं. मग इंदूरहून येताना कोथिंबीर आणा."

रोज आठला फोन व्हायचा. त्याचं बोलणं मला खोलीतून ऐकू यायचं आणि वहिनींचं भिंतीतून. जेवलात का, जेवलो. काय केलं, खिचडी. काल काय होतं, खिचडी. भिंतीपलीकडे फोडणीचा आवाज यायचा, मग वास यायचा. हा फोन कानाला लावून भिंतीकडे बघत बसायचा.

बुधवारी संध्याकाळी त्यांच्या वॉशिंग मशीनचा पाइप निसटला. पाणी दाराखालून पॅसेजमध्ये आणि तिथून माझ्या उंबऱ्यापर्यंत आलं. तो धावत दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला. पावलं भिजत होती. त्याने फोन लावला.

"अगं, पाणी येतंय."

"इंदूरपर्यंत आलं?"

"कॉक बंद कर ना. बेसिनच्या मागे—"

"प्रज्ञाने केला. ठेवते, पुसायचंय."

तो खोलीत आला आणि रजिस्टर उघडून लिहिलं: सहा मिनिटांत आटोक्यात. बाहेरची मदत: नाही. बाराखडी गिरवावी तसं अक्षर होतं. मी म्हटलं, झकास झालं की, ड्रिल पास. त्याने पेनाचं टोपण लावलं.

"कॉक कुठे आहे ते मी तिला कधी सांगितलंच नव्हतं यार."

त्या दिवशी त्याने खिचडीही केली नाही.

शनिवारी संध्याकाळी तो बॅग घेऊन घरी परतला. साक्षीदार म्हणून मलाही बोलावलं होतं. त्याने उभं राहून अहवाल वाचला. पाण्याचा प्रकार, प्रज्ञाचे दोन क्लास, वहिनींची शाळा, गॅसचा सिलिंडर, सगळं त्याच्याशिवाय वेळेवर झालं होतं. त्रुटी: नाहीत. मोजणी: तीन पैकी तीन. ड्रिल समाप्तीची वेळ लिहायला त्याने घड्याळ पाहिलं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "तीन कसे?"

"तू, प्रज्ञा, मी."

"तुम्ही कुठे होतात?"

"इंदूरला. पण सुखरूप होतो. रोज फोन—"

"फोनवर कुणीही सुखरूप असतो, बाबा," प्रज्ञा म्हणाली.

वहिनींनी त्याच्या हातातून पेन घेतलं, दुसऱ्या तीनवर काट मारली आणि दोन लिहिलं.

"मग जाऊ नको म्हणतेस?"

"मी कुठे म्हटलं? एकावन्नाव्या वर्षी इथे कोण घेणार आहे तुम्हाला? हिची बारावी आहे, पुढचं कॉलेज आहे. जा तुम्ही. आम्हाला जमतंय, बघितलंत ना." त्यांनी पेन त्याच्या खिशाला अडकवलं. "पण मोजणी जुळल्याशिवाय संपली असं लिहायचं नाही. नियम तुमचाच आहे."

चौदाव्या दिवशी त्याने इंदूरसाठी सही केली. अंधेरीच्या ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी त्याने सगळ्यांना एकदा बदामाखाली उभं करून मोजलं. संख्या जुळली. मेच्या पहिल्या रविवारी तो तीच बॅग घेऊन निघाला. वहिनी आणि प्रज्ञा गॅलरीत होत्या. रिक्षा कोपऱ्यावरून वळली. मी नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ दार उघडं ठेवलं.

तिथे त्याला भाड्याची खोली मिळाली आहे. जुलैत एकदा तो दोन दिवसांसाठी येऊन गेला. रुजू झाल्यापासून आठवड्याभरातच इंदूरच्या ऑफिसचा फायर वॉर्डन झाला, असं त्याने तेव्हा सांगितलं. रात्री आठला फोन होतो. आता मला भिंतीतून एकच बाजू ऐकू येते. जेवलात का. काय केलं. आजपण खिचडीच?

रजिस्टर त्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या खिळ्याला टांगलेलं आहे. परवा दही लावायला विरजण मागायला गेलो, तेव्हा उघडून पाहिलं. तो आला होता त्या जुलैतल्या दोन्ही तारखांपुढे प्रज्ञाच्या अक्षरात 'तीन' लिहिलं आहे आणि त्यानंतरच्या तारखेपुढे 'दोन'. ड्रिल समाप्तीच्या वेळेचा रकाना रिकामा आहे.