तांदळाच्या डब्यातला फोन

आज तांदळाचा डबा उघडला आणि कडुलिंबाच्या सुक्या पानांचा कडवट वास नाकात गेला. नाहूरच्या घरातली ती सकाळ आठवली, आणि बाबांवरचा राग, तसाच ताजा.

अकरावीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. मला आर्ट्स हवं होतं. बाबांनी मला न विचारता सायन्सची कॉलेजं भरून ठेवली होती. अंघोळ झाली की अर्ज पक्का करणार होते. त्याचा ओटीपी त्यांच्याच फोनवर यायचा.

ते बाहेर आले तेव्हा आई म्हणाली, "फोन धुण्याच्या बादलीत पडला. सुकायला तांदळात ठेवलाय."

"तुका एक फोन सांभाळूक जमना नाय?" बाबा खेकसले. डब्याला लाथ मारून, अर्ज रात्री सुकल्यावर बघू म्हणत, शिव्या देतच कामावर गेले.

दार लागल्यावर आईने तांदळात कोपरापर्यंत हात घातला. फोन कोरडाच होता.

"घे, तुला हवं ते भर," ती म्हणाली.

आता बाबा पाहुण्यांना ऐटीत सांगतात, "मीच तिला आर्ट्सला घातलं." आई मान डोलावते. मी गप्प बसते, पण ते तिच्यासाठी. त्यांच्यासाठी नाही.