तक्तेवाल्या काकू

लोकांच्या स्वयंपाकघरात देवाचं कॅलेंडर असतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे मूलद्रव्यांचा तक्ता होता. रोजच्या फोडण्यांनी त्यातले जड धातू पिवळे पडले होते. काकू सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होत्या, आणि करोल बागेजवळच्या आमच्या सरकारी कॉलनीत त्यांना सगळे तक्तेवाल्या काकूच म्हणत.

काकू माणसांनाही त्या तक्त्यात बसवत. तळमजल्यावरचे जोशी गणपतीच्या मीटिंगला कधी फिरकले नाहीत, की कुणाशी भांडले नाहीत. ते निऑन. "ना देणं, ना घेणं. बिल्कुल सुखी माणूस." माझी आई सोडियम, कारण पाण्याचा विषय निघाला की ती पेटायची. दिल्लीच्या उन्हाळ्यात हा विषय रोज निघे.

अकरावीत मला केमिस्ट्रीत कंपार्टमेंट आली. म्हणजे महिन्याभराने पुन्हा परीक्षा, आणि तीही गेली तर सायन्स बंद. माझ्या दोन्ही थोरल्या बहिणींनी सायन्स अर्ध्यावर सोडलं होतं, त्यामुळे आपल्या घराण्यात ते नाहीच, असा बाबांनी निकाल लावून टाकला. हे कळताच काकू हातातला चहाचा कप तसाच घेऊन खाली आल्या.

"भावजी, हायड्रोजनसुद्धा सोडियमच्याच रांगेत बसतो. म्हणून काय तो धातू झाला?"

बाबांना यातलं काही कळलं नाही. तसं कबूल करायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मला महिना दिला.

मी घोकंपट्टी सुरू केली. काकूंनी वही काढून घेतली. "आपल्या कॉलनीत क्वार्टरचा टाइप सांगितला की साहेब की कारकून, खोल्या किती, सगळं कळतं ना? तसंच आहे हे. पत्ता बघ, स्वभाव कळेल."

मग पोळ्या लाटता लाटता त्या पिठाच्या अंगठ्याने एक चौकट झाकायच्या. वर कोण, खाली कोण, एवढं बघून मधल्याचा स्वभाव मी सांगायचा. चुकलं तर दुसऱ्या दिवशीची कणीक माझ्याकडे. पहिला आठवडाभर मी रोज कणीक मळली. तक्ता मांडणाऱ्याने न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा मोकळ्या सोडल्या होत्या, आणि पुढे ती सापडली तेव्हा बरीचशी त्याच्या अंदाजासारखीच निघाली, हे सांगताना काकूंची पोळी हमखास करपायची. ती मीच खायची.

परीक्षेत स्ट्रॉन्शियम विचारला. तो मी वाचलाच नव्हता. डोळे मिटले तर पीठ लागलेला तक्ता दिसला: वर कॅल्शियम, खाली बेरियम. म्हणजे हा पाण्याशी पहिल्यापेक्षा जोरात वागणार, दुसऱ्यापेक्षा बेताने. दोन इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होणार. तसंच लिहून आले आणि पास झाले.

निकाल लागला त्याच दिवशी काकूंचं सामान ट्रकमध्ये चढत होतं. त्या रिटायर झाल्या होत्या, क्वार्टर सोडून लेकीकडे नागपूरला निघाल्या होत्या. बाबांनी माझ्यासाठी गुपचूप आणून ठेवलेली कॉमर्सची पुस्तकं सकाळीच नई सडकच्या पुस्तकबाजारात नेऊन बदलली होती. बारावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक हातात घेऊन ते थेट ट्रकपाशी आले.

"वहिनी, हिचं नाव तुम्हीच घाला."

काकूंनी माझं नाव लिहिलं, खाली ठळक अक्षरांत 'बारावी, सायन्स' लिहिलं आणि पदराने डोळे पुसले. ट्रक निघाला. बाबा कितीतरी वेळ हात हलवत राहिले. मला हलवता आला नाही; पुस्तक मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.