वहिनीचं नाक

माझी वहिनी कॉफीच्या कारखान्यात चव बघायच्या खोलीत कामाला होती. ती लग्न होऊन आली तेव्हा दादाला तिच्या कामाची भारी गंमत वाटायची. "दिवसभर कॉफी प्यायची आणि वर पगार घ्यायचा! मग मीच काय घोडं मारलंय?"

"पीत नाही हो. चव घेऊन थुंकते," वहिनी म्हणायची.

घरी आम्ही डब्यातली काळी पूड दुधात उकळून, भरपूर साखर घालून प्यायचो. एका रविवारी तिनं तिची खास कॉफी केली, बिनदुधाची. दादानं तोंड वाकडं केलं. "आपल्या कॉफीत काय वाईट आहे?"

"वाईट नाही. पण तिच्यात दहा ठिकाणचं बी असतं. कच्चं, फुटकं, किडकंही. दोष झाकायला ते काळं होईपर्यंत भाजतात, म्हणून ती रोज सारखीच लागते. ही एकाच मळ्यातली. पिकलेली फळं तेवढी तोडलेली, खराब बी वेचून टाकलेलं. बेतानं भाजली, म्हणून तिची स्वतःची चव टिकते. आम्ही शंभरपैकी गुण देतो. ऐंशीच्या खाली गेली की ती साधी."

"दहावीपेक्षा कडक आहे की," मी म्हटलं.

"डोळे मीट आणि वास घे."

घेतला. खरंच, कुणीतरी शेजारी बसून संत्रं सोलतंय असं वाटलं. दादाला काही कळलं नाही, पण बायकोचं मन राखायला त्यानं कप रिकामा केला.

पुढे त्यांना मुलगी झाली. ती चालायला लागली त्या सुमारास वहिनी तापानं अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. सर्दीच असेल, येईल परत, असं स्वतःला समजावत ती कामावर गेली. घरी कुणाला बोलली नाही. टेबलाशी शेजारी चव घेणाऱ्या सोबतिणीचा चेहरा बघून गुण द्यायची. तिचे डोळे चमकले की वहिनी गुण वाढवायची.

मग ती सोबतीण रजेवर गेली आणि एक माल वहिनीनं एकटीनंच पास केला. तो गिऱ्हाइकाकडून सगळाच्या सगळा परत आला. कपात कुबट वास येतोय, अशी तक्रार होती. साहेबांनी भट्टीवरच्या काकांना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "गुण उत्तम आहेत, म्हणजे माल चांगलाच होता. भाजताना तुम्ही वाट लावलीत!"

काकांची हयात त्या भट्टीपुढे गेलेली. ते खाली मान घालून उभे राहिले. वहिनीला ते बघवेना.

"काकांचा दोष नाही, साहेब. माल मुळातच कुबट असणार. मला वासच येत नाही."

"कधीपासून?"

"तापापासून."

काकांची नोकरी वाचली. वहिनीला साध्या कॉफीच्या पॅकिंगला पाठवलं. तिथं चव बघायचा प्रश्नच नव्हता, नुसती पाकिटं बंद करायची. बाकीच्या बायका भाजण्याच्या वासानं डोकं उठतं म्हणून नाकाला रुमाल बांधायच्या. ही तशीच बसायची.

घरी दूध करपलं तरी तिला कळेना. दादाच धावत जाऊन गॅस बंद करायचा. कधी कधी ती झोपलेल्या लेकीच्या केसांत नाक खुपसून बराच वेळ बसायची आणि मग उठून जायची. डॉक्टरांनी आधी थांबा सांगितलं. नंतर, फारशी आशा धरू नका म्हणाले.

एकदा काका घरी आले. नव्या मालाचं पाकीट घेऊन. स्वतःच पाणी तापवून त्यांनी कॉफी गाळली. "तू सांगितल्याशिवाय मला खात्री वाटत नाही, बाई."

वहिनीनं सवयीनं मोठ्यानं सुर्रकन घोट ओढला, तोंडात घोळवला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

"थोडी आंबट आहे."

"आणि?"

"आणि काही नाही, काका."

काकांनी मग दुसऱ्याच गोष्टी काढल्या. लेकीचं विचारलं, दादाच्या कामाचं विचारलं, आणि आपला कप अर्धा टाकून उठले. ते गेल्यावर वहिनीनं कप विसळले आणि पाकीट शेजारणीला देऊन टाकलं.